एका वेळी एकानेच बोलायचं: कविता, फिल्म आणि चेंबर संगीतातून हवामानबदल मांडताना

प्रश्न थोडक्यात असा: एक कवी, एक फिल्म करणारी दिग्दर्शिका आणि एक स्ट्रिंग क्वार्टेट (दोन व्हायोलिन, त्याहून जाड आवाजाचा व्हिओला आणि चेलो असा चौघांचा संच) मिळून हवामानबदलावर ४० मिनिटांचा मंचीय प्रयोग करू पाहताहेत. आधी काय लिहायचं? आकडेवारी सुरांत आणावी का? पडदा आणि वादक यांची जुळणी कशी सांभाळायची? आणि सगळं प्रचारकी होऊ नये म्हणून काय करायचं?

शेवटचा प्रश्न आधी घेऊ, कारण बाकीची उत्तरं त्यातून निघतात. असे प्रयोग प्रचारकी होतात ते बहुतेक वेळा गर्दीमुळे. विषय प्रचंड, म्हणून तिघंही एकदम मोठ्याने बोलू लागतात. पडद्यावर हिमनदी कोसळते, चेलो विलाप करतो आणि वरून कवी सांगतो की पृथ्वी रडते आहे. एकच गोष्ट तीनदा सांगून झाली. प्रेक्षकाला ती पहिल्या वेळीच कळलेली असते, पुढच्या दोन वेळा तो मनातून मागे सरकतो. म्हणून एका क्षणी एकच माध्यम पुढे ठेवा. दुसऱ्याने आधार द्यावा, तिसऱ्याने गप्प राहावं. ४० मिनिटांत तिन्ही पूर्ण ताकदीने एकत्र येण्याचे क्षण सगळे मिळून ६-७ मिनिटांच्या वर जाऊ देऊ नका. प्रत्यक्ष कवितावाचन ९-१० मिनिटं पुरतं. काळ्या पडद्यासमोर नुसतं वादन ८-१० मिनिटं हवं, आणि अजिबात आवाज नसलेलं नुसतं चित्र निदान ३ मिनिटं. ही ३ मिनिटं तालमीत सगळ्यात जास्त टोचतात आणि पहिली कात्री तिथेच चालवावीशी वाटते. ती चालवू नका.

दुसरी गोष्ट विषयाच्या आकाराची. ‘हवामानबदल’ या शब्दावर कविता होत नाही आणि त्याचा फोटोही निघत नाही. एक मोजमाप निवडा आणि त्याला एक वस्तू किंवा एक जागा बांधा. हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि खिडकीची काच, समुद्राची पातळी आणि धक्क्याची एक पायरी, फुलोऱ्याची तारीख आणि एक झाड. क्योटोतल्या चेरीच्या बहराच्या नोंदी इसवी सन ८१२ पासून मिळतात, आणि २०२१ मध्ये तिथे ऐन बहर २६ मार्चला आला, तोवरच्या सगळ्या नोंदींमधला सर्वांत लवकरचा. एवढ्या एका ओळीत कवी, कॅमेरा आणि वादक तिघांनाही काम मिळतं. ‘वसुंधरेची हाक’ म्हटल्यावर तिघांपैकी कुणालाच मिळत नाही.

या तिन्ही कलांना एकत्र बांधण्याच्या रीती जुन्याच आहेत. संगीतकार विवाल्डीचे ऋतूंवरचे चार कॉन्चेर्टो (एकल वाद्य आणि वाद्यवृंदासाठीच्या रचना) १७२५ मध्ये छापले गेले तेव्हा प्रत्येकासोबत एक सुनीत होतं, आणि सुनीताच्या ओळींना दिलेली अक्षरं स्कोअरमध्ये, म्हणजे संगीताच्या लिखित प्रतीत, त्या त्या जागी छापलेली होती. ही युक्ती आजही जशीच्या तशी वापरा. कवितेच्या प्रत्येक ओळीला अक्षर द्या, तेच अक्षर स्कोअरमध्ये आणि फिल्मच्या टाइमलाइनवर टाका. तालमीत ‘तो हळवा भाग’ असं कुणी म्हणायला नको, ‘च पासून घेऊ’ म्हणायला हवं. १९१२ मध्ये संगीतकार शोनबर्गने २१ कविता बासरी, क्लॅरिनेट, व्हायोलिन, चेलो आणि पियानो यांच्या छोट्या संचासाठी अशा लिहिल्या की शब्दांची लय सुरांसारखीच कागदावर आली, पण गायचं नाही, उच्चारायचं. आणि १९३६ मध्ये ब्रिटिश टपाल खात्याच्या फिल्म विभागाने रात्रीच्या टपालगाडीवर माहितीपट काढला तेव्हा कवी ऑडनने कविता चित्राच्या मापाने लिहिली, आणि संगीतकार बेंजामिन ब्रिटनने छोट्या वाद्यवृंदात सँडपेपर आणि वाऱ्याचं यंत्र घातलं. या तिसऱ्या उदाहरणातून घ्यायचं ते कामाचा क्रम.

क्रम माझ्या मते असा असावा. आधी मोजमाप आणि जागा ठरते. मग कवितेचा कच्चा मसुदा, आणि तो लगेच मोठ्याने वाचून फोनवर ध्वनिमुद्रित करायचा. कागदावरच्या कवितेला लांबी नसते, आवाजातल्या कवितेला असते. त्या वाचनावर दिग्दर्शिका चित्राचा कच्चा जोड लावते, मुद्दाम मोकळ्या जागा ठेवून. संगीतकार त्या मोकळ्या जागांचं माप घेऊन कीबोर्डवर आराखडा बांधतो. त्यानंतर कवितेवर कात्री चालते, साधारण तिसरा हिस्सा जातो, कारण तोवर जे शब्दांनी सांगितलं होतं ते चित्राने सांगायला सुरुवात केलेली असते. मग चित्र कायम करायचं, मग अंतिम स्कोअर.

या टप्प्यात एक चूक फार होते. एडिट करताना तात्पुरती म्हणून कुणीतरी एखादी प्रसिद्ध उदास चेलोची धून लावतं. आठवड्याभरात सगळ्यांना तिची सवय होते, मग संगीतकाराने काहीही लिहिलं तरी ‘आधीचं बरं होतं’ असं ऐकावं लागतं. तात्पुरतं संगीत लावूच नका. लय हवी असेल तर नुसता मेट्रोनोम लावा.

आता आकडेवारी सुरांत आणायची का? आणावी, पण आधी डोळे उघडे ठेवून त्याचं गणित करावं. २०१३ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात एका विद्यार्थ्याने १८८० पासूनच्या जागतिक तापमानाच्या नोंदी एका चेलोसाठी उतरवल्या, आणि २०१५ मध्ये तिथेच चार वाद्यांना पृथ्वीचे चार अक्षांश-पट्टे वाटून देऊन क्वार्टेट तयार झालं. रचना सोपी आहे: सर्वांत थंड वर्ष म्हणजे चेलोचा सर्वांत खालचा सूर, आणि प्रत्येक वर्षाला एक सूर. सेकंदाला एक सूर धरला तर १८८० ते २०२४ ही १४५ वर्षं २ मिनिटं २५ सेकंदांत संपतात.

इथली अडचण कानाची आहे. चढत जाणारे सूर आपल्याला उमेदीचे वाटतात. तापमानाचा आलेख जसाच्या तसा वाजवला की शेवटी विजय मिळाल्यासारखं ऐकू येतं, आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतात त्या चढण्याला. यावर दोन उपाय. एक म्हणजे आकडा सुराच्या उंचीत न घालता दुसऱ्या कशात घालायचा: दोन सुरांमधली शांतता आटत न्यायची, किंवा गजाचा दाब वाढवत न्यायचा, किंवा वाजवायला मिळणाऱ्या स्वरांची संख्या कमी करत न्यायची. आर्क्टिकमधल्या सप्टेंबरच्या समुद्री बर्फासाठी हा शेवटचा मार्ग चांगला चालतो. दुसरा उपाय, चढण ठेवायची पण तिच्याखाली एक न हलणारा सूर ठेवायचा, म्हणजे कानाला चढ ऐकू येण्याऐवजी अंतर ऐकू येतं. हा दुसरा उपाय एका भागापुरता पूर्ण उलगडून दाखवतो.

मोजमाप: हवाईतल्या मौना लोआवरचा कार्बन डायऑक्साइड. तिथली मोजणी १९५८ मध्ये सुरू झाली. १९५९ ची सरासरी ३१६ पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) आसपास, २०२४ ची ४२४ च्या वर. औद्योगिक काळाआधी २८० च्या आसपास होती. या आलेखाला दात आहेत. उत्तर गोलार्धातली झाडं उन्हाळ्यात वाढतात तेव्हा आकडा मेपासून साधारण पाच महिने उतरतो, आणि उरलेले सात महिने चढतो. हा दर वर्षीचा झोका ६-७ पीपीएमचा. म्हणजे वर्षाला एक श्वास.

आता हे कागदावर कसं येतं ते पाहा. १२/८ चा बार (स्वरलेखनातला एक खंड), त्यात १२ आठव्यांश सूर म्हणजे १२ महिने, ५ अधिक ७ असे वाटलेले. टेम्पो, म्हणजे गती, अशी की टिंबवाला पाव सूर (तीन आठव्यांशांएवढा) मिनिटाला ६०. एक बार बरोबर ४ सेकंदांचा, आणि २४ फ्रेमच्या फिल्मवर ९६ फ्रेमचा. मे १९५९ पासून सुरुवात केली तर ६६ बार, ४ मिनिटं २४ सेकंद. व्हिओलाने एकाच तारेवर, सर्वांत खालच्या सी तारेवर, न तुटता घसरत जायचं: पाच आठव्यांश खाली, सात आठव्यांश वर. चेलो पूर्ण वेळ एकच सी धरून बसतो. तो म्हणजे २८०.

किती पीपीएमला एक सेमीटोन (सप्तकाचा बारावा भाग), हा निर्णय संगीतकाराचा आणि इथेच प्रयोग घडतो किंवा बिघडतो. ९ पीपीएमला एक सेमीटोन धरला तर व्हिओला चेलोपासून ४ सेमीटोनांवर सुरू होतो आणि १६ वर संपतो. म्हणजे सुरुवात मेजर थर्ड या कानाला स्थिर वाटणाऱ्या अंतरावर, शेवट त्याच्याच वरच्या सप्तकातल्या रूपावर. कानाला वाटतं, घरी आलो. ४२४ वर पोचून घरी आल्याचं समाधान मिळावं असं तुम्हाला म्हणायचं नाही. ८ पीपीएमला एक सेमीटोन धरा. मग सुरुवात साडेचारवर होते, ई आणि एफच्या मधे, आणि शेवट १८ वर, म्हणजे एक सप्तक आणि वर ट्रायटोन (६ सेमीटोन), जिथे कानाला बूड टेकायला जागाच मिळत नाही. शिवाय २००३ ची सरासरी ३७६ च्या आसपास आहे. २८० वजा केले तर ९६ उरतात, भागिले ८ म्हणजे बरोबर १२ सेमीटोन, म्हणजे शुद्ध सप्तक. पंचेचाळिसाव्या बारच्या आसपास, सुमारे २ मिनिटं ५६ सेकंदांवर, चेलो आणि व्हिओला यांच्यातली थरथर क्षणभर विरते, दोन्ही सूर एक होतात, आणि मग व्हिओला ते सप्तक ओलांडून पुढे जातो. हा क्षण कुणी रचलेला नाही, प्रमाण निवडल्यावर आकड्यांतून आपोआप आला आहे. तो सांगण्यासाठी पडद्यावर काहीही करू नका.

दोन बारमधला फरक मुद्दाम ऐकू येण्याइतका मोठा नाही. साठच्या दशकात दर वर्षाची वाढ १ पीपीएमच्या आत होती, म्हणजे बारला १०-११ सेंट (सेंट म्हणजे सेमीटोनाचा शंभरावा भाग). हल्ली अडीचच्या आसपास आहे, म्हणजे ३० सेंटच्या पुढेमागे. झोका मात्र पाऊण सेमीटोनाचा. त्यामुळे ऐकणाऱ्याला झोकाच ऐकू येतो, आणि दर वेळी सूर आधी जिथे होता तिथे अगदी नेमका परत येत नाही हे फार उशिरा लक्षात येतं. हवामानबदल रोजच्या जगण्यात असाच लक्षात येतो, म्हणून मला ही मांडणी प्रामाणिक वाटते.

वादकाच्या बाजूने पाहा. कुणीही माणूस डोक्यात सेंट मोजत वाजवू शकत नाही. पानावर ११ बारची एक ओळ, अशा ६ ओळी मांडा. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला व्हिओलाने गाठायचा सूर लिहा आणि हवं तर कानातल्या इयरफोनमधून तो दोन सेकंद हलका ऐकवा. मधला प्रवास वादकावर सोडा. शेवटच्या दोन ओळींत सी तारेवर इतक्या वरच्या जागी आवाज आवळलेला, कोरडा होतो. तो सुधारायला दुसऱ्या तारेवर जाऊ देऊ नका, तो आवाजच हवा आहे. चेलोवाल्याने गज बदलायचा तो व्हिओलाच्या वळणावर कधीच नाही. दोन्ही गज एकदम बदलले की धागा तुटतो. दोन्ही व्हायोलिन गप्प, किंवा तारा टेकतात त्या घोडीच्या लाकडावर गज हलका फिरवून सूर नसलेली नुसती हवा. तारांवर गजाची लाकडी बाजू आपटण्याचे प्रकार लिहिणार असाल तर वादकांना आधी विचारा. चांगला गज पेर्नाम्बुकोचा असतो, ब्राझीलच्या अटलांटिक जंगलातलं हे झाड संकटात आहे आणि २००७ पासून त्याच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय नियंत्रण आहे. असा गज कुणी आपटायला देणार नाही. त्या पानासाठी स्वस्त गज वेगळा ठेवावा लागतो.

आणखी एक बारकावा. १९६४ च्या सुरुवातीला निधीअभावी मौना लोआवरची मोजणी काही काळ बंद पडली होती, आणि नोव्हेंबर २०२२ च्या अखेरीस ज्वालामुखीच्या उद्रेकात रस्ता आणि वीज गेल्याने ती पुन्हा थांबली. मग शेजारच्या मौना केआवरून मोजू लागले. आपल्या हिशेबात पहिली जागा पाचव्या बारच्या शेवटी येते, दुसरी चौसष्टाव्या बारच्या मधे. दोन्ही ठिकाणी व्हिओलाने गज उचलायचा. चेलो चालू. ज्यांना माहीत नाही त्यांना ती अडखळ वाटेल, आणि ती अडखळच होती.

याच्यावर चित्र काय? एकच स्थिर फ्रेम: काच, आणि तिच्यावर उमटून विरणारी श्वासाची वाफ. सामान्य माणूस मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो, म्हणजे ४ सेकंदांचा बार माणसाच्या श्वासाच्या मापातच बसतो. चित्रीकरण दिसतं तितकं सोपं नाही. काच गार हवी, नाहीतर वाफ धरतच नाही, आणि प्रत्येक श्वासाने ती थोडी तापते, त्यामुळे दहाव्या-बाराव्या श्वासाला डाग लहान व्हायला लागतो. दर १० श्वासांनंतर काचेमागे बर्फाची पिशवी टेकवा, पुसा, पुन्हा घ्या. तोंडाने जोरात सलग श्वास सोडणाऱ्याला चक्कर येते, त्यामुळे ६६ श्वास एका दमात घेऊच नका. मागे काळं कापड, प्रकाश फक्त बाजूने आणि काचेच्या कडेला चिकटून. समोरून दिवा लावला तर वाफ दिसतच नाही, दिवा दिसतो.

या प्रतिमेत एक धोका आहे तो आधीच ओळखा. माणसाच्या श्वासातला कार्बन अन्नातून येतो आणि अन्नाने तो नुकताच हवेतून घेतलेला असतो. तापमानवाढ श्वासाने होत नाही, जमिनीखालचं इंधन जाळल्याने होते. प्रेक्षक उलटा अर्थ घेऊन जाऊ शकतो. ही दुरुस्ती कवितेने करायची, भाषण न करता. शिवाय चित्र आणि सूर प्रत्येक बारला जुळवू नका. जुळले की ते कार्टूनसारखं होतं, फिल्मवाले त्याला मिकी-माऊसिंगच म्हणतात. पहिला श्वास आणि शेवटचा श्वास जुळू द्या, मधे सुटू द्या.

कविता या ४ मिनिटं २४ सेकंदांत येत नाही. ती नंतर, काळ्या पडद्यावर, वाद्यं थांबल्यावर ६-७ सेकंदांनी. उदाहरणादाखल इतकीच:

खिडकीच्या काचेवर श्वास सोडला
की बोटानं नाव लिहिता येतं.
नाव पुसतं. श्वास परत झाडात जातो.
जो धूर आपण जमिनीतून काढला
त्याला जायला झाड उरलं नाही.

या पाच ओळी घाईने १५ सेकंदांत होतात, नीट वाचल्या तर ३० लागतात. कवीच्या प्रतीवर प्रत्येक ओळीपुढे सेकंद लिहा: पहिलीनंतर १, दुसरीनंतर २, ‘नाव पुसतं’ नंतर पूर्ण ३. लिहिलं नाही तर प्रयोगाच्या दिवशी धास्तीने सगळे विराम आखडतात, हमखास. वृत्तात लिहिणार असाल तर आठ मात्रांचं आवर्तन असलेली मात्रावृत्तं चारच्या ठेक्यात सहज बसतात, इतकी सहज की पाच मिनिटांत बडबडगीत वाटायला लागतं. ठेका असलेली कविता ठेका नसलेल्या, लांब सुरांच्या संगीतावर वाचा. मुक्तछंद असेल तरच खाली ठेका चालतो. आणि कविता कुणाला तरी उद्देशून असू द्या. २०१४ मध्ये मार्शल बेटांच्या कवयित्री कॅथी जेटनिल-किजिनर यांनी संयुक्त राष्ट्रांच्या हवामान परिषदेत वाचलेली कविता त्यांच्या तान्ह्या मुलीला उद्देशून होती. सगळ्या जगासमोर वाचताना एकीशी बोललेलं सगळ्यांना ऐकू येतं.

फिल्मबद्दल एकच गोष्ट ठासून सांगावीशी वाटते. खोटं चित्र वापरू नका. उपग्रहांच्या नोंदी १९९३ पासून आहेत, तेव्हापासून जगभरच्या समुद्राची सरासरी पातळी साधारण १० सेंटीमीटर वाढली आहे, म्हणजे घरच्या जिन्याच्या एका पायरीची दोन तृतीयांश उंची. भरतीत बुडणारा धक्का चित्रित करून खाली ‘समुद्र वाढतोय’ लिहिलं तर ते भरतीचं चित्र आहे, आणि जाणकार प्रेक्षक तिथे तुमच्यावरचा विश्वास काढून घेतो. पायरीवर १० सेंटीमीटरची खडूची खूण करा आणि तीच ४० सेकंद दाखवा, पाण्याशिवाय. सुकलेल्या तड्यांची जमीन, धुराडी, ड्रोनमधून दिसणारं जंगल ही चित्रं इतक्या वेळा पाहिली गेली आहेत की डोळा त्यांच्यावर थांबत नाही.

आता जुळणी. दोन पद्धती आहेत आणि एकाच प्रयोगात दोन्ही लागतात. जिथे चित्र आणि संगीत सेकंदाला जुळायलाच हवेत, तिथे क्लिक ट्रॅक, म्हणजे इयरफोनमधून ठोक्याची टिकटिक. पण चौघांच्याही कानात नको, एकाच्याच, शक्यतो चेलो किंवा पहिल्या व्हायोलिनच्या. बाकीच्यांनी त्याच्या श्वासाकडे पाहावं, नाहीतर चेंबर संगीतातलं एकमेकांना ऐकणं संपतं. २४ फ्रेमला ६०, ७२, ८०, ९०, ९६ आणि १२० हे टेम्पो पूर्ण फ्रेममध्ये बसतात: बीटला २४, २०, १८, १६, १५ आणि १२ फ्रेम. ७६ घेतला आणि एडिटरने दर बीटला १९ फ्रेम धरल्या तर शंभर बीटमध्ये पाच फ्रेम सरकतात. त्याहून वाईट म्हणजे फिल्म २३.९७६ वर निर्यात करणं आणि क्लिक २४ च्या हिशेबाने बनवणं. ४० मिनिटांत २.४ सेकंदांचा फरक पडतो आणि कारण सापडेपर्यंत तालीम संपलेली असते. पहिल्याच दिवशी फ्रेमरेट कागदावर लिहून तिघांच्या सह्या घ्या.

बाकी सगळीकडे उलट पद्धत: फिल्मने वादकांमागे चालायचं. फिल्मचे १२-१५ तुकडे करा, प्रत्येकाला शेवटी १५-२० सेकंदांचं स्थिर शेपूट ठेवा, आणि क्यूलॅबसारख्या सॉफ्टवेअरवर ऑपरेटरने स्कोअर पाहत पुढचा तुकडा सोडायचा. ऑपरेटरला स्कोअर वाचता यायला हवा, ही अट सोडू नका. वादकांना खूण हवी असेल तर लहान मॉनिटरवर २ सेकंदांत डावीकडून उजवीकडे सरकणारी उभी रेघ पुरते. हॉलिवूडच्या ध्वनिमुद्रणात ही जुनी रीत आहे आणि ती क्लिकपेक्षा कमी छळते.

आवाज आणि शब्द एकत्र आले की शब्द बुडतात. व्यंजनांची ओळख मुख्यतः २ ते ६ किलोहर्ट्झमध्ये असते, आणि व्हायोलिनची वरची झळाळी नेमकी तिथेच. वाचन चालू असताना व्हायोलिनला म्यूट (घोडीवर बसवायचा आवाज दाबणारा तुकडा) लावा किंवा गज फिंगरबोर्डवर, म्हणजे बोटं ठेवायच्या पट्टीकडे, सरकवा. सूर राहतो, झळाळी जाते. पुरुषाचा बोलण्याचा मूळ स्वर साधारण १०० ते १५० हर्ट्झ, तिथे चेलो असतो. म्हणून चेलोने त्याखालचा एकच लांब सूर धरावा. शब्द चालत असतील तर संगीताने एका सुरावर थांबून राहावं, संगीत चालायला लागलं की शब्दांनी. माइक तोंडासमोर न ठेवता ओठांच्या कोपऱ्याशी दोन बोटांवर, नाहीतर प, फ, भ फुटतात. सभागृह २० मीटर खोल असेल तर मंचावरून मागच्या रांगेत ध्वनी पोचायला ५८ मिलिसेकंद लागतात. मागचे स्पीकर त्याहून १० मिलिसेकंद उशिरा लावा, म्हणजे आवाज कवीच्या दिशेनेच येतोय असं वाटतं.

प्रकाशाकडे कुणी शेवटपर्यंत पाहत नाही. चार स्टँडवरचे चार दिवे पांढऱ्या कागदावरून उसळून पडद्यावर जातात आणि काळा रंग राखाडी होतो. काचेवरची वाफ तर दिसेनाशीच होते. स्कोअर टॅब्लेटवर घ्या, रंग उलटे, चमक किमान, पान पेडलने उलटायचं. संच पडद्याखाली मधोमध न बसवता एका बाजूला, पडद्यापासून तीनेक मीटर पुढे. प्रोजेक्टर प्रेक्षकांत ठेवू नका, त्याच्या पंख्याची घरघर व्हिओलाच्या सर्वांत हळू आवाजाला गिळते. पडद्यावर कवितेच्या ओळी येणार असतील तर त्या चित्रातच पक्क्या करून घ्या. वेगळ्या उपशीर्षक फायलीत ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ असले शब्द दुसऱ्या संगणकावर हमखास मोडतात. आणि कवी ओळ वाचत असताना तीच ओळ पडद्यावर नको.

तालमींचा अंदाज: क्वार्टेटच्या स्वतंत्र ३, कवीसह २, चित्रासह २, प्रत्यक्ष सभागृहात पूर्ण १, प्रत्येकी तीन तासांच्या. शास्त्रज्ञाला दाखवायचं ते प्रमाण ठरवताना, शेवटच्या आठवड्यात नव्हे. तेव्हा चूक सापडली तर कुणी स्कोअर बदलत नाही. कार्यक्रमपत्रिकेवर मोजमापाचं नाव, आकडे कधी उतरवून घेतले ती तारीख आणि ‘८ पीपीएमला एक सेमीटोन’ एवढं छापा. आकडे नंतर सुधारले जातात, म्हणून तारीख महत्त्वाची.

शेवटच्या सुरानंतर २० सेकंद पूर्ण अंधार ठेवा. प्रकाशयोजनेवर बसलेल्याच्या हातात स्टॉपवॉच द्या. अंधारात २० सेकंद मिनिटाएवढे वाटतात, आणि आठव्या-नवव्या सेकंदालाच हात बटणाकडे जातो.